स्वस्त आणि छोटा लॅपटॉप रोजच्या कामाला पुरेल का, हे कसं तपासावं

स्वस्त, छोटा लॅपटॉप बघताना बहुतेकांची नजर आधी प्रोसेसरच्या नावावर जाते. माझा क्रम वेगळा आहे. मी आधी विचारते, या यंत्रातलं काय नंतर बदलता येणार नाही? माउस नवा घेता येतो, बॅटरी बदलून मिळते, साठवण कमी पडली तर काही यंत्रांत वाढवता येते. पण बोर्डावर सोल्डर केलेली (कायमची डाखलेली) रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), फिकट पडदा आणि आखडलेला कीबोर्ड पहिल्या दिवशी जसे असतात तसेच शेवटपर्यंत राहतात. कमी किमतीचं यंत्र घेण्यात काहीच गैर नाही. कंपनीने पैसे कुठे वाचवले आहेत हे ओळखायचं आणि त्या जागी आपलं काम अडणार नाही ना, ते पाहायचं.

पायरी १ : आधी कामं लिहून काढा

गेल्या आठवड्यात संगणकावर काय काय केलं ते कागदावर लिहा. ‘नेट, मेल, थोडं टायपिंग’ इतकं मोघम नको. ब्राउझरमध्ये एका वेळी किती टॅब उघडे असतात? व्हिडिओ कॉल चालू असताना बाजूला एखादी फाइलही उघडी लागते का? फोटो आणि व्हिडिओ लॅपटॉपवरच ठेवायचे आहेत की दुसरीकडे? एखादा असा प्रोग्राम आहे का, जो चालला नाही तर लॅपटॉप घेण्यातच अर्थ नाही? हिशेबाचं किंवा सही करण्याचं सॉफ्टवेअर अनेकदा असंच असतं, आणि ते फक्त विंडोजवर चालत असेल तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

यादीत व्हिडिओ संपादन, मोठे खेळ किंवा जड डिझाइनचं काम आलं, तर या वर्गातलं यंत्र त्यासाठी नाही. वाचन, लेखन, मेल, बँकेचे व्यवहार, ऑनलाइन वर्ग, मध्यम आकाराची एक्सेल शीट, चित्रपट पाहणं ही कामं नीट निवडलेला छोटा लॅपटॉप आनंदाने करतो.

पायरी २ : रॅम आणि साठवण एकत्र तपासा

या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहण्याची चूक फार होते. खरं तर त्या एकमेकींवर अवलंबून आहेत.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान अट ठेवली आहे ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण. ही अट विंडोज सुरू होण्यापुरती आहे, सुखाने काम करण्यापुरती नव्हे. विंडोज स्वतःच त्यातली अर्ध्याहून जास्त रॅम घेऊन बसतं, आणि पडद्यावरचं चित्र रंगवणारी ग्राफिक्सची यंत्रणाही याच रॅममधून वाटा उचलते, कारण स्वस्त लॅपटॉपमध्ये तिला स्वतंत्र मेमरी नसते. उरलेल्या जागेत ब्राउझर आणि त्याचे पाच-सहा टॅब मावत नाहीत. मग विंडोज रॅममधला काही मजकूर साठवणीवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं.

इथे साठवणीचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. स्वस्त छोट्या लॅपटॉपमध्ये तीन प्रकार दिसतात. ईएमएमसी ही बोर्डावर सोल्डर केलेली चिप असते. तिचा वाचनाचा वेग साधारण सेकंदाला २५० ते ३०० एमबी असतो आणि तिला वाचणं व लिहिणं एकाच वेळी जमत नाही. एसएसडी ही त्याहून वेगवान साठवण, तिचा साटा प्रकार साधारण ५५० एमबीपर्यंत जातो. एनव्हीएमई एसएसडी स्वस्तातली असली तरी १,५०० एमबीच्या पुढे जाते. पण हे मोठ्या फाइलचे आकडे झाले. रोजच्या कामात असंख्य बारीकसारीक फाइली वाचाव्या-लिहाव्या लागतात आणि तिथे हा फरक आणखी वाढतो.

आता दोन्ही जोडून पाहा. ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी असलेल्या यंत्रात रॅम सारखी भरते, भरली की मजकूर हळू चिपवर जातो, चिप त्यात गुंतलेली असताना तुम्ही टॅब बदलता आणि पडदा गोठल्यासारखा होतो. लोक म्हणतात ‘प्रोसेसर मंद आहे’, पण अनेकदा प्रोसेसर मोकळाच बसलेला असतो. त्याच प्रोसेसरला ८ जीबी रॅम आणि एसएसडी दिली, तर तेच यंत्र ओळखू येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. विंडोजचा लॅपटॉप रोज वापरायचा असेल तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी याखाली उतरू नका. ४ जीबीचं यंत्र फक्त दोन स्थितींत घ्यावं. एक म्हणजे ते क्रोमबुक (विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) असेल तेव्हा, किंवा रॅमसाठी मोकळा खाचा आहे याची खात्री असेल तेव्हा. हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा सोल्डर केलेली असते. माहितीपत्रकात ‘एलपीडीडीआर’ असा शब्द असेल तर ती बदलता येणार नाही असंच धरून चाला.

साठवणीच्या आकड्याबद्दलही सावध राहा. १२८ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ११९ जीबी दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यातून विंडोज, त्याची अद्यतनं आणि तुमचे प्रोग्राम वजा जातात. ६४ जीबीच्या यंत्रात तर मोठं अद्यतन आलं की जागा करण्यासाठी फाइली हलवाव्या लागतात, आणि हे पुन्हा पुन्हा येत राहतं. जाहिरातीत ‘६४ जीबी, अधिक १ टीबीपर्यंत वाढवता येईल’ असं असेल, तर ती वाढ बहुतेक मेमरी कार्डाची असते. कार्डावर फोटो ठेवता येतील, पण विंडोजची जागेची भूक त्याने भागत नाही. इंटरनेटवरची साठवण मोजून आकडा फुगवलेलाही दिसतो. ती लॅपटॉपमधली जागा नव्हे.

पायरी ३ : प्रोसेसरचं नाव वाचायला शिका

याबद्दल थोडक्यात. स्वस्त छोट्या यंत्रांत इंटेलचे कमी वीज खाणारे प्रोसेसर जास्त आढळतात. सेलेरॉन एन४०२० हा २०१९ मध्ये आलेला दोन कोअरचा (म्हणजे काम करणाऱ्या दोन भागांचा) प्रोसेसर अजूनही नव्या खोक्यांत विकला जातो. तो टाळा. २०२३ मध्ये आलेला एन१०० चार कोअरचा आहे, रोजच्या कामाला चांगला पुरतो, आणि एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ तो हार्डवेअरवरच (त्यासाठीच्या वेगळ्या भागात, कोअरवर भार न टाकता) उलगडतो. ऑनलाइन व्हिडिओसाठी हा प्रकार आता बराच वापरला जातो. जुन्या सेलेरॉनवर तेच काम कोअरवर येऊन पडतं, यंत्र तापतं आणि व्हिडिओ अडखळतो. थोडे पैसे जास्त असतील तर आठ कोअरचा कोअर आय३ एन३०५ बघा.

एएमडीच्या ७००० मालिकेत आकड्यातला तिसरा अंक पाहा. रायझेन ३ ७३२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २, जी मुळात २०१९ ची आहे. ७००० वाचून तो अगदी नवा समजू नका. रोजच्या कामासाठी मात्र तोही वाईट नाही.

जाहिरातीतला ‘३.४ गिगाहर्ट्झ’सारखा आकडा काही क्षणांपुरता गाठता येणारा कमाल वेग असतो. पंखा नसलेल्या यंत्रात तो किती टिकतो, ते पुढे पायरी ८ मध्ये तपासायचं आहे.

पायरी ४ : पडदा मराठी मजकुरावर पारखा

दुकानात किंवा व्हिडिओत पडद्यावर नेहमी रंगीत चित्रं दाखवतात. रोज मात्र आपण वाचणार असतो मजकूर. म्हणून एखादं मराठी पान उघडा, अक्षरं नेहमी ठेवता तेवढीच ठेवा आणि ‘द्य’ व ‘घ’, ‘द्ध’ व ‘द्व’, ‘रु’ व ‘रू’ यांतला फरक डोळे न ताणता कळतो का पाहा. देवनागरीत मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरं बारीक जागेत बसतात, त्यामुळे कमी रेखीव पडद्याचा त्रास आपल्याला इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा लवकर जाणवतो.

१३६६×७६८ पिक्सेलचा पडदा ११.६ इंचाचा असेल तर इंचाला सुमारे १३५ पिक्सेल मिळतात. तोच पडदा १५.६ इंचाचा असेल तर फक्त १००. म्हणजे छोट्या यंत्रात हा पडदा चालून जातो, मोठ्यात खरखरीत दिसतो. ११.६ इंचात १९२०×१०८० मिळालं तर अक्षरं सुरेख दिसतात. पण अक्षरं वाचण्याजोगी ठेवायला ती १५० टक्क्यांपर्यंत मोठी करावी लागतात आणि मग पानावर मावणारा मजकूर फारसा वाढत नाही. मावणारा मजकूर वाढतो तो उंचीमुळे. १६:९ प्रमाणातल्या ११.६ इंची पडद्याची उंची जेमतेम साडेचौदा सेंटिमीटर असते, तर ३:२ प्रमाणातल्या १२ इंचीची जवळपास १७. लिहिण्या-वाचण्यासाठी यंत्र घेत असाल तर हे अडीच सेंटिमीटर पुष्कळ आहेत.

मग पॅनेलचा प्रकार. टीएन पॅनेल मान किंचित वर-खाली केली की रंग उलटेपालटे दाखवतं. पडदा हळूहळू मागे ढकलून पाहा. चित्र काळवंडलं किंवा पांढरट पडलं तर ते टीएन समजा. शक्य असेल तिथे आयपीएस पॅनेल घ्या, त्यात कोन बदलला तरी रंग फारसे बदलत नाहीत. उजेडाचा आकडा निट्समध्ये देतात. २२० ते २५० निट्स घरात पुरतात, खिडकीजवळ किंवा प्रवासात कमी पडतात. कमाल उजेडावर पडदा ठेवून उजेडाकडे पाठ करून बसा. पडद्यापेक्षा स्वतःचा चेहरा जास्त स्पष्ट दिसला, तर उत्तर मिळालं.

पायरी ५ : कीबोर्डवर खरंच टाइप करा

या पायरीसाठी वेळ काढा. यंत्र लहान करताना कंपन्या सगळ्यात आधी कीबोर्डाच्या उजव्या काठावरच्या कळा बारीक करतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला तिथे बहुतेक विरामचिन्हंच लागतात, म्हणून परीक्षणांत त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पण तुम्ही इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळमांडणीत) मराठी लिहीत असाल तर ‘च’, ‘ट’ आणि ‘ड’ नेमके त्याच पट्ट्यात आहेत आणि ‘ॉ’ उलट्या तिरक्या रेघेच्या कळीवर. ही कळ एंटरच्या वर अरुंद करून बसवली असेल, किंवा खाली कोपऱ्यात ढकलली असेल, तर ‘डॉक्टर’ लिहिताना दर वेळी बोट चुकेल.

कीबोर्ड भाषा बदलून एक पानभर मराठी मजकूर सलग टाइप करा. ओळखीचा उतारा नको, तो बोटांना पाठ असतो. चुका कुठे होतात ते पाहा. सवयीने सुटतील अशा चुका एकाच पानात कमी होत जातात, कळीच्या आकारामुळे होणाऱ्या शेवटपर्यंत तशाच राहतात. मधल्या भागावर जरा जोराने दाबून पाहा, संपूर्ण पत्रा खाली जात असेल तर लांब लेखनात बोटं थकतात. बाणाच्या कळा, डिलीट आणि पॉवरचं बटण कुठे आहे हेही बघा. डिलीटच्या अगदी शेजारी पॉवर असलेली रचना मला कधीच आवडली नाही.

टचपॅडवर दोन बोटांनी पान वर-खाली सरकवा, मजकूर निवडा, फाइल ओढून दुसरीकडे न्या. हे तीन जमले की पुरे. टचपॅड वाईट असला तर माउस लावता येतो, म्हणून त्यावर मी फारसं अडून बसत नाही.

पायरी ६ : उरलेलं पटकन

टाइप-सी पोर्ट असेल तर तो चार्जिंग घेतो का आणि बाहेरच्या पडद्याला चित्र देतो का, हे वेगवेगळं विचारा, कारण एकसारख्या दिसणाऱ्या पोर्टांना ही दोन्ही कामं येतीलच असं नाही. टाइप-सीवर चार्ज होणारं यंत्र घेतलं तर मूळ चार्जर बिघडला तरी दुसरा सहज मिळतो. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर चाललं पाहिजे. फक्त २.४ वर चालणारं कार्ड गजबजलेल्या इमारतीत रडवतं. कॅमेरा या वर्गात साधाच असतो, ७२०पी असला तरी चालतो. माइक जास्त महत्त्वाचा, म्हणून आपलाच आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. पडदा एका हाताने उघडून पाहा, बिजागरीतून करकर आली तर ते चांगलं लक्षण नव्हे.

क्रोमबुक घेत असाल तर एक जास्तीची तपासणी करावी लागते. प्रत्येक मॉडेलला स्वयंचलित अद्यतनं कोणत्या तारखेपर्यंत मिळणार हे ठरलेलं असतं. २०२१ पासूनच्या मॉडेलांना गूगल दहा वर्षं देतं, पण ही दहा वर्षं मॉडेलची मूळ रचना बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाहीत. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट क्रोमओएस’ उघडलं की ही तारीख दिसते.

पायरी ७ : वापरलेलं यंत्रही तुलनेला घ्या

नव्या स्वस्त लॅपटॉपच्या किमतीत कार्यालयांतून निघालेले १२-१३ इंची लॅपटॉप मिळतात. त्यांचा कीबोर्ड आणि बांधणी बहुतेक वेळा सरस असते, रॅम-एसएसडी बदलण्याची सोयही अनेकांत असते. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, एक-दोन अपवाद सोडले तर. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचं यंत्र कितीही देखणं असलं, तरी ते लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली) चालवायची तयारी असेल तरच घ्या. बॅटरी झिजलेली असणारच हे धरून तिची किंमत आधीच हिशेबात घाला.

पायरी ८ : घरी आणल्यावर, परत करायची मुदत संपण्याआधी

खोकं, पॅकिंग आणि पावती जपून ठेवा. पहिल्या दिवशी यंत्र हळू वाटलं तर लगेच निकाल देऊ नका. त्या वेळी मागे अद्यतनं उतरत असतात, फाइलींची यादी तयार होत असते. सगळी अद्यतनं होऊ द्या, यंत्र दोन-तीनदा बंद-चालू करा आणि मग तपासायला लागा.

आधी सांगितलं तेच दिलं आहे का पाहा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात रॅमचा आकडा मिळतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘स्टोरेज कंट्रोलर्स’खाली एनव्हीएम एक्सप्रेस असं नाव असेल तर एसएसडी एनव्हीएमई प्रकारची आहे. विंडोज ‘एस मोड’मध्ये असेल तर फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलेच प्रोग्राम बसवता येतात. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण पुन्हा त्यात परतता येत नाही.

मग पायरी १ ची यादी काढा आणि तुमचा नेहमीचा गजबजलेला अर्धा तास मुद्दाम उभा करा. व्हिडिओ कॉल लावा, नेहमीइतके टॅब उघडा, एक कागदपत्र उघडून त्यात लिहीत राहा. टास्क मॅनेजर बाजूला चालू ठेवा. मेमरी ८५-९० टक्क्यांवर असेल आणि डिस्क सारखी १०० टक्क्यांना टेकत असेल, तर अडचण रॅमची आहे. मेमरी मोकळी असून प्रोसेसर सतत १०० वर असेल, तर प्रोसेसर कमी पडतो आहे. पहिल्या दहा मिनिटांत सुरळीत चाललेला कॉल नंतर अडखळू लागला आणि तळ तापला, तर यंत्राला उष्णता बाहेर टाकता येत नाही आणि ते स्वतःचा वेग उतरवतं आहे. पंख्याशिवायचं यंत्र शांत असतं, मला ते फार आवडतं, पण ही परीक्षा त्याने पार केली तरच.

बॅटरीसाठी जाहिरातीतले तास सोडून द्या. क्षमता वॉट-अवरमध्ये पाहा, एमएएचमध्ये नको. १०,००० एमएएच ऐकायला मोठं वाटतं, पण ती बॅटरी ३.८ व्होल्टची असेल तर ३८ वॉट-अवरच होतात, आणि ७.६ व्होल्टच्या ५,००० एमएएचमध्येही तेवढेच. वाचन-लेखनात छोटा लॅपटॉप साधारण ५ ते ८ वॉट खातो, म्हणजे ३८ वॉट-अवरला पाच ते साडेसात तास. पूर्ण चार्ज करून, उजेड तुम्हाला लागतो तेवढा ठेवून, तासभर आपलं काम करा. १५ टक्के उतरले तर साडेसहा तास, २५ उतरले तर चार.

झाकण बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी किती उतरली ते पाहा. चार-पाच टक्के ठीक, पंधरा-वीस उतरली तर हे यंत्र दर वेळी पूर्ण बंद करावं लागेल. वापरलेल्या यंत्रात बॅटरीचा अहवालही काढा. कमांड प्रॉम्प्टमध्ये रोमन अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं टाकलं की फाइल तयार होते. तिच्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी मिळते. मूळच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची तजवीज करा.

पायरी ९ : ठेवायचा की परत द्यायचा

आवाज बारीक आहे, कॅमेरा धुरकट आहे, प्लास्टिक साधं आहे, अशा उणिवा या किमतीत सोसता येतात. हेडफोन लावला की पहिली संपते, बाकीच्यांची सवय होते. पण मराठी वाचताना डोळे दुखत असतील, टाइप करताना बोट चुकत असेल, किंवा तुमच्या नेहमीच्या कामात रॅम भरून यंत्र गोठत असेल, तर मुदतीतच परत द्या. ‘पुढे सवय होईल’ असं म्हणून ठेवलेला असा लॅपटॉप थोड्या दिवसांत बाजूला पडतो आणि सगळी कामं पुन्हा फोनवर येतात.

परत देण्याआधी आपल्या फाइली दुसरीकडे उतरवा, ब्राउझरमधून आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून बाहेर पडा. मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात रिकव्हरी आणि तिथे ‘रिसेट धिस पीसी’ घेऊन सगळं पुसणारा पर्याय निवडा. चार्जर जोडलेला असू द्या, कारण छोट्या यंत्रात याला बराच वेळ लागतो. यंत्र पुन्हा भाषा निवडण्याच्या पहिल्या पडद्यावर आलं की बंद करून खोक्यात ठेवा. ठेवायचं ठरलं असेल, तर खात्यात जाऊन डिस्कच्या कुलपाची रिकव्हरी की तेवढी लिहून घ्या. नव्या विंडोजमध्ये हे कूटबंधन (एन्क्रिप्शन) अनेकदा आपोआप चालू झालेलं असतं आणि काही बिघाड झाला तर त्या कीशिवाय आतल्या फाइली उघडत नाहीत.